आलीनची वही
बँकेत वर्षअखेरीचे हिशेब जुळेनासे झाले, की मला चित्रकार पॉल गोगँचा हेवा वाटे. तोही पॅरिसच्या शेअरबाजारातला. १८८२ च्या मंदीनंतर नोकरी सुटली आणि छंद होता तोच धंदा झाला. बायको मेटे पाच मुलांसह कोपनहेगनला, माहेरी. हा मात्र १८९१ मध्ये शांतता शोधत ताहिती बेटावर उतरला. पापीतीत पाहतो तर फ्रेंच अंमल नि पत्र्याची छपरं! मग दूर गावात झोपडी घेतली. चित्रं अलौकिक झाली; पण स्वतःच्या लेकीहून, आलीनहून, लहान मुलीशी त्यानं तिथं घरोबा केला. इथं माझा हेवा संपतो.

त्याच सुमारास आलीनसाठी तो एक वहीही लिहीत होता. १८९७ मध्ये मेटेचं पत्र आलं. आलीन एकोणिसाव्या वर्षीच न्यूमोनियानं गेली होती. वही तिच्या हाती कधी पडलीच नाही.