धंदा विचारणारा वैद्य

माझे वडील शिंपी. शहापुरातील आमच्या दुकानात बुटक्या टेबलावर वाकून कापड बेतण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली आणि शेवटी कंबर धरली. डॉक्टरांनी वय, आहार, झोप सारे विचारले. दिवसभर काम काय करता, एवढे मात्र विचारले नाही. हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी विचारणारा एक वैद्य मला पुढे ग्रंथालयात भेटला. त्यांचे नाव बर्नार्दिनो रामाझ्झिनी.

त्यांचा जन्म १६३३ साली इटलीतील कार्पी गावी झाला. पार्मा येथे शिकून ते मोदेना शहरात वैद्यकी करू लागले व तेथील विद्यापीठात शिकवू लागले. एकदा त्यांच्या घरचा शौचकूप उपसण्यास आलेला माणूस विलक्षण घाईने काम करीत होता. कारण विचारता तो म्हणाला की, चार तासांहून अधिक वेळ आत राहिल्यास डोळे जातात. तो वर आल्यावर त्यांनी त्याचे लाल झालेले डोळे पाहिले. काम संपले की तो अंधाऱ्या खोलीत बसून कोमट पाण्याने डोळे धुई.

तेव्हापासून रामाझ्झिनी कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊ लागले. वैद्यांच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : तुमचा धंदा कोणता? १७०० साली कारागिरांच्या रोगांवरचा त्यांचा लॅटिन ग्रंथ निघाला. त्यात चाळीसहून अधिक धंदे आहेत. रोगाची कारणे त्यांनी दोन सांगितली : अपायकारक पदार्थ, आणि शरीराला न मानवणारी बैठक व हालचाल. लेखनिकांचा आखडलेला हात त्यांनी नोंदवला, तसेच सणाच्या मिरवणुकीतही वाकूनच चालणारे शिंपीही. ते वाचताना मला वडिलांची चाल दिसली.

त्याच वर्षी ते पादुआ विद्यापीठात गेले. उतारवयात दृष्टी अधू झाली, तरी अध्यापन सुटले नाही. १७१३ साली त्यांनी ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली आणि १७१४ साली ते वारले.

त्यांचे उपाय साधे होते. शिंप्यांना ते सुटीच्या दिवशी व्यायाम करण्यास सांगत. शिंप्याची बैठक मात्र होती तशीच राहिली. माणसाने कामापुढे वाकण्याऐवजी कामच माणसाच्या मापाचे करावे, या शास्त्राला ‘अर्गोनॉमिक्स’ हे नाव १८५७ साली यास्त्शेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने दिले.

पुस्तक परत करून घरी आलो आणि टेबलाच्या चारही पायांखाली दोन दोन विटा ठेवल्या. वडिलांचे दुखणे गेले नाही. पण कात्री चालवताना ते आता वाकत नाहीत. गिऱ्हाइकांच्या अंगाची मापे त्यांनी जन्मभर घेतली. त्यांचे माप मात्र आम्ही कोणी घेतलेच नव्हते.