भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी (१८२२ – मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे ख्यातनाम वैद्य, प्राच्यविद्या-संशोधक, समाजसुधारक व लोकनेते होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील पदवीधरांमध्ये त्यांची गणना होते. पाश्चात्य वैद्यक शिकल्यानंतर त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांत वर्णिलेल्या वनौषधींचे गुण रुग्णांवर प्रत्यक्ष पडताळून पाहण्याचे काम हाती घेतले. कुष्ठरोगावर बियांच्या तेलापासून केलेला त्यांचा उपचार या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. या औषधाची कृती मात्र त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. ज्या वर्गातील तेलावर ते काम करीत होते, त्यातील क्रियाशील द्रव्ये त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी इंग्लंडमध्ये वेगळी करण्यात आली. मुंबईतील भायखळा येथील वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे.

बालपण व शिक्षण

भाऊ दाजींचा जन्म गोव्यातील पेडणे महालात मांद्रे येथे झाला. घरची स्थिती सामान्य होती. वडिलांबरोबर ते लहानपणीच मुंबईला आले. बुद्धिबळातील त्यांचे कौशल्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे वडिलांना सुचविले, असे सांगतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले व पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. काठेवाड व कच्छमधील राजपुतांत रूढ असलेल्या बालकन्याहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. अध्यापन सोडून भाऊ दाजींनी तेथे प्रवेश घेतला व १८५१ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच महाविद्यालयातून वैद्य झाले. दोघा बंधूंनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

वैद्यकीय कार्य

शहरातील श्रीमंत घराण्यांपासून निर्धन रुग्णांपर्यंत सर्व थरांत भाऊ दाजींचा व्यवसाय पसरला होता. १८६२ मधील महाराज लायबल खटल्यात वैष्णव पंथाच्या एका वजनदार धर्मगुरूच्या आजारासंबंधी त्यांनी न्यायालयात वैद्यकीय साक्ष दिली. धर्मगुरूंविरुद्ध उघडपणे बोलणे त्या काळी सामाजिक रोषाला निमंत्रण देणारे असल्याने या साक्षीला वैद्यकीय महत्त्वाबरोबर सामाजिक महत्त्वही आहे.

देशी औषधींकडे त्यांचे लक्ष वळण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. संस्कृतवर प्रभुत्व असल्यामुळे आयुर्वेदाचे मूळ ग्रंथ ते स्वतः वाचू शकत. महाविद्यालयात शिकलेली निरीक्षणाची पद्धत ग्रंथांतील विधानांना लावून पाहण्याची सवयही त्यांना होती. एखादी वनस्पती ग्रंथात सांगितली आहे म्हणून ती गुणकारी मानणे किंवा केवळ देशी म्हणून ती त्याज्य ठरविणे, ही दोन्ही टोके त्यांनी टाळली.

कुष्ठरोगावरील वनस्पतिज औषध

भाऊ दाजींच्या काळात कुष्ठरोगाचे कारण अज्ञात होते. तो आनुवंशिक असल्याचे मत युरोपातील अनेक वैद्य मांडत, तर समाजात तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजला जाई. रोग्यास घर, गाव व व्यवसाय सोडावा लागे. मुंबईत याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजमधील हेन्री व्हॅनडाइक कार्टर हेही या रोगाचा अभ्यास करीत होते. गेरहार्ड आर्मावर हॅन्सेन यांना नॉर्वेत कुष्ठाचे जंतू आढळले ते १८७३ मध्ये, म्हणजे भाऊ दाजींच्या मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी.

या रोगावरील वनस्पतिज तेलाचा उल्लेख भारतीय वैद्यकात जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पश्चिम समुद्रालगतच्या भूमीत वाढणाऱ्या तुवरक वृक्षाचे वर्णन येते. त्याच्या फळांतील मगज काढून वाळवावा, कुटावा, तिळाप्रमाणे दाबून किंवा करडईप्रमाणे गाळून त्याचे तेल काढावे, पाण्याचा अंश उडून जाईपर्यंत ते तापवावे व पंधरा दिवस शेणाच्या चुऱ्यात ठेवावे, अशी कृती तेथे दिली आहे. दाबून तेल काढणे, उष्णतेने त्यातील पाणी घालविणे व काही काळ ते मुरू देणे, असे या कृतीचे तीन टप्पे आहेत.

तुवरक म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर कोकणापासून केरळपर्यंत आढळणारा कडू कवठ किंवा कवटी हा वृक्ष, असे सामान्यतः मानले जाते. गोव्यात त्याला खष्ट म्हणतात. त्याचे फळ कठीण सालीचे व गोलसर असून गरात अनेक बिया असतात. बियांतून पिवळसर, उग्र वासाचे स्थिर तेल निघते. पूर्व भारत व ब्रह्मदेशात याच प्रजातीतील दुसऱ्या एका वृक्षाचे तेल चालमोगरा या नावाने विकले जाई. कोलकात्याचे डॉ. फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्ये चालमोगऱ्याकडे पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष वेधले होते.

भाऊ दाजींनी आयुष्याच्या उत्तरार्धात कुष्ठरोग्यांवर जो उपचार केला, त्याचा आधार कवटीच्या बियांचे तेल होते, असे नंतरच्या लेखनात नमूद आहे. रोग्यांना गुण येत असल्याची वार्ता पसरून त्यांच्याकडे दुरून रुग्ण येऊ लागले. पुरेशी पडताळणी होण्यापूर्वी औषध जाहीर करण्यास ते राजी नव्हते. आजारपण व अकाली मृत्यू यांमुळे ती पडताळणी पूर्ण झाली नाही. कोणत्या अवस्थेतील किती रुग्णांना किती मात्रेत औषध दिले व त्यांपैकी किती जणांचा रोग पुन्हा उलटला, याची सविस्तर नोंद प्रसिद्ध न झाल्याने इतर वैद्यांना त्यांच्या निष्कर्षांची तपासणी करता आली नाही.

या मौनाविषयी अभ्यासकांत दोन दृष्टिकोन संभवतात. अपुऱ्या पुराव्यावर रामबाण उपायाची घोषणा करून हताश रुग्णांना खोटी आशा लावण्यापेक्षा थांबणे उचित होते, असे एका बाजूने म्हणता येते. गुप्त ठेवलेले औषध वैद्यासोबतच संपते व त्याचा गुण किंवा दोष सिद्ध होण्याची वाट बंद होते, ही दुसरी बाजू आहे.

तेलापासून रसायनापर्यंत

कवटी व चालमोगरा यांचे तेल पोटात घेतल्यास तीव्र मळमळ व ओकारी होत असे. त्यामुळे बहुतेक रुग्ण उपचार अर्धवट सोडीत. तेल तसेच टोचले, तर ते घट्ट असल्याने स्नायूंत नीट पसरत नसे व टोचल्या जागी गाठी येत. औषधाचा उपयोग वाढवायचा, तर तेलातील क्रियाशील भाग कोणता हे कळणे आवश्यक होते.

हे काम इंग्लंडमध्ये फ्रेडरिक पॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९०४ मध्ये त्यांनी चालमोगऱ्याच्या तेलातून चालमोग्रिक आम्ल वेगळे केले. पुढील वर्षी कवटीच्या तेलाच्या तपासणीतून हिडनोकार्पिक आम्लाचा शोध लागला. ही दोन्ही मेदाम्ले आहेत. पहिल्यात १८ व दुसऱ्यात १६ कार्बन अणू असतात. सरकी, जवस किंवा करडई या परिचित तेलांतील मेदाम्लांचे कार्बन अणू एका सरळ साखळीत असतात. कवटीच्या तेलातील आम्लांत मात्र साखळीच्या टोकाला पाच कार्बन अणूंचे वलय असते. वनस्पतिज तेलांत ही रचना दुर्मीळ असून या तेलाचे वैशिष्ट्य तिच्यातच आहे.

यानंतर या आम्लांना टोचण्याजोगे रूप देण्याचे प्रयत्न झाले. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्यांच्या सोडियम क्षारांचा वापर केला. हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५-१६ मध्ये मेदाम्लांचे इथाइल एस्टरमध्ये रूपांतर करून ते विभागण्याची पद्धत बसविली. एस्टर पातळ असल्याने ते शरीरात सहज शोषले जात. बॉल यांचे १९१६ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी निधन झाले. त्यांचे संशोधनही हयातीत प्रसिद्ध झाले नाही व त्याचे श्रेय त्यांना अनेक दशकांनंतर मिळाले.

१९२० व १९३० च्या दशकांत भारतातील कुष्ठनिवासांत या तेलाची व त्याच्या एस्टरांची इंजेक्शने हा प्रमुख उपचार होता. १९४१ मध्ये अमेरिकेत सल्फोन वर्गातील औषधांचा उपयोग सुरू झाला. त्यांपैकी डॅप्सोन स्वस्त व पोटात घेता येण्याजोगे असल्याने वनस्पतिज तेल मागे पडले. १९८० च्या दशकापासून अनेक औषधांची एकत्रित चिकित्सा रूढ आहे. चालमोगरा तेलाने रोग पूर्ण बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. तथापि त्यातील आम्ले कुष्ठजंतूंची वाढ रोखतात, असे १९७५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. भाऊ दाजींनी निवडलेल्या द्रव्यात औषधी गुण होता, परंतु तो मर्यादित होता, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

वऱ्हाडाशी संबंध

भाऊ दाजींचे नाव वऱ्हाडाच्या इतिहासाशी दोन प्रकारे निगडित आहे. पहिला संबंध पुराभिलेखांचा होय. वऱ्हाडच्या सीमेलगतच्या अजिंठा लेण्यांतील कोरीव लेखांचे त्यांनी केलेले वाचन १८६० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेणे क्रमांक १६ मधील लेख वाकाटक राजांच्या मंत्र्याचा आहे. विदर्भातील या विस्मृत घराण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यास हे वाचन साहाय्यभूत ठरले. त्यांच्या वाचनात पुढील संशोधकांनी दुरुस्त्या केल्या. १९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशीम येथे ताम्रपट सापडल्यानंतर या घराण्याच्या वत्सगुल्म शाखेचे चित्र अधिक स्पष्ट झाले. वत्सगुल्म हे वाशीमचेच प्राचीन नाव होय.

दुसरा संबंध अप्रत्यक्ष असला, तरी त्यांच्या वैद्यकीय कार्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड हा भारतातील कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांपैकी एक होता. अचलपूरजवळ कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने कुष्ठनिवास चालविला. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन येथे जगदंबा कुष्ठनिवासाची स्थापना केली. तेथे उपचाराबरोबर रुग्णांना उद्योग शिकविण्यावर भर देण्यात आला. तपोवनाची स्थापना झाली तो काळ तेलाच्या इंजेक्शनांकडून सल्फोन औषधांकडे होणाऱ्या संक्रमणाचा होता. भाऊ दाजींनी मुंबईत आरंभिलेला शोध, म्हणजे गरीब रुग्णास परवडेल असे व त्याला घरी परतता येईल असे औषध मिळविणे, वऱ्हाडातील रुग्णांसाठी या संक्रमणानंतरच खऱ्या अर्थाने फलद्रूप झाला.

संशोधन व सार्वजनिक कार्य

कालिदासाचा काळ, तसेच आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा काळ व अस्सलपणा यांवर भाऊ दाजींनी निबंध लिहिले. हस्तलिखिते, नाणी व ताम्रपट यांचा मोठा संग्रह त्यांनी केला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षण व विधवाविवाह यांना त्यांनी सक्रिय पाठिंबा दिला. मुंबईतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी निधी जमविण्यात त्यांनी पुढाकार घेतला व हे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे नगरपाल होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीमुळे मुंबईत शेअरबाजाराला उधाण आले होते. १८६५ मध्ये तो बाजार कोसळला, तेव्हा भाऊ दाजींचीही मोठी आर्थिक हानी झाली.

मृत्यू व स्मृती

अखेरच्या काळात पक्षाघाताने भाऊ दाजी अंथरुणाला खिळले. मे १८७४ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुराविद्याविषयक लेखांचा संग्रह रामचंद्र घोष यांनी संपादित करून १८८८ मध्ये कोलकाता येथे प्रसिद्ध केला. अ. का. प्रियोळकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. १९७५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे नाव बदलून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे करण्यात आले.

पुराविद्येतील त्यांचे निष्कर्ष लिखित स्वरूपात असल्यामुळे पुढील पिढीला ते तपासून सुधारता आले. वैद्यकातील त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाला ही संधी मिळाली नाही. भारतातील वनौषधी-संशोधनाच्या इतिहासात त्यांचे स्थान आद्य प्रयोगकर्त्यांमध्ये आहे. परंपरेने सांगितलेल्या वनस्पतीचा गुण रुग्णांवर पारखून पाहणे, हा या संशोधनाचा पहिला टप्पा त्यांनी गाठला. तिच्यातील द्रव्य वेगळे करणे, त्याची रचना जाणणे व त्याची मात्रा ठरविणे हे पुढील टप्पे इतरांनी पूर्ण केले.