जॉन एफ. केनेडी: स्टेरॉइडच्या आधाराने चाललेले आयुष्य

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी जुन्या छायाचित्रांत तुम्हाला तरुण आणि उत्साही दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे शरीर रोजच्या स्टेरॉइड औषधावर चालत होते.

केनेडींचा जन्म १९१७ चा. लहानपणापासून ते वारंवार आजारी पडत. १९४७ मध्ये, खासदार असताना, ते लंडनमध्ये कोसळले आणि ॲडिसनच्या आजाराचे निदान झाले. या आजारात मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल बनवत नाहीत.

कॉर्टिसॉल नेमके काय करते? तुम्ही उपाशी असता किंवा शरीरावर ताण येतो, तेव्हा ते यकृताला नवी साखर तयार करायला लावते. त्यासाठी स्नायूंतील प्रथिने मोडली जातात. साठवलेली चरबीही इंधन म्हणून वापरली जाते. कॉर्टिसॉल कमी पडले की थकवा येतो, वजन घटते, रक्तदाब आणि साखर खाली जाते.

सुरुवातीला केनेडींच्या मांडीत त्वचेखाली डीओसीए या औषधाच्या गोळ्या बसवल्या जात. हे औषध मुख्यतः शरीरातील मीठ-पाण्याचा तोल सांभाळते. पुढे कॉर्टिसोन मिळू लागले आणि ऊर्जेची कमतरता भरून निघाली.

तरी धोका टळला नव्हता. निरोगी माणसाच्या ग्रंथी ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी जास्त कॉर्टिसॉल सोडतात. ॲडिसनच्या रुग्णाला ते बाहेरूनच द्यावे लागते. १९५४ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन केनेडी बेशुद्ध झाले, पण वाचले. १९६० च्या निवडणुकीत हा आजार मतदारांपासून लपवला गेला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये गोळी लागल्यावरही तिथल्या डॉक्टरांनी त्यांना हायड्रोकॉर्टिसोन दिले होते. त्याच दिवशी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला.

दमा, संधिवात यांसाठी तुम्ही स्टेरॉइड घेत असाल, तर तुमच्या शरीरातही हीच यंत्रणा काम करते. मोठा डोस दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हातापायांचे स्नायू बारीक होतात आणि चेहऱ्यावर व पोटावर चरबी साठते. शिवाय तुमच्या स्वतःच्या ग्रंथी मंदावतात. म्हणून काही आठवडे घेतलेल्या गोळ्या एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. मधुमेह असेल तर साखर वरचेवर तपासा. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा मोठ्या आजारपणात, स्टेरॉइड चालू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.