वहींतलें ऋण आणि लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं वाशीम, कारंजा, रिसोड येथील पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते आणि जुन्या वह्या बांधून फळीवर ठेवल्या जातात. ज्यांनीं कांहीं वर्षें व्यापार केला आहे त्यांना ठाऊक असतें कीं, प्रत्येक जुन्या वहींत दोनचार खातीं अशीं असतात कीं ज्यांचें येणें कधींच यावयाचें नाहीं. ऋणको गांव सोडून गेलेला असतो, मेलेला असतो, किंवा समोरच राहात असून देण्यास असमर्थ असतो. अशा खात्याचें काय करावें हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाहीं. तें सालोसाल पुढें ओढीत राहिलें म्हणजे रक्कम तर येत नाहींच; पण ऋणकोशीं बोलणें तुटतें, त्याच्या मुलांशीं आपल्या मुलांचें बोलणें तुटतें, आणि एका गल्लींतील दोन घरें एकमेकांस परकीं होतात. मनाच्याही अशाच वह्या घरोघरीं असतात, आणि त्यांतलीं येणीं रुपयांपेक्षां अधिक जपून ठेविलेलीं असतात.

येशू ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तिच्या मराठी भाषांतरांत अपराधासाठीं ऋण हाच शब्द योजिलेला आहे. आपल्या ऋणकोंस आपण जसें सोडलें तसें देवानें आपणांस सोडावें, असा तिचा भाव आहे. त्याच गुरूची एक गोष्ट अशी आहे कीं, एका राजानें आपल्या चाकराचें अपार कर्ज माफ केलें. तो चाकर बाहेर पडला आणि चार दमड्यांसाठीं त्यानें आपल्या सोबत्याची मानगूट धरली. हें शास्त्र आमच्या व्यापारी वाचकांस समजण्यास अवघड नाहीं. ज्यावर आपला हक्क नाहीं तें मिळणें ही कृपा. ज्यावर आपला हक्क आहे तें सोडणें ही क्षमा. जो पहिली विसरला त्याच्या हातून दुसरी होत नाहीं, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ.

वाशीम शहरांत नाझरीन मिशननें १९३८ सालीं रुग्णालय काढलें, आणि ख्रिस्ती धर्मांतील सेवा म्हणजे काय हें येथील लोकांस व्याख्यानांपेक्षां त्या इमारतीवरून अधिक समजलें. परंतु आज आम्हांस दवाखान्यांतल्या सेवेविषयीं लिहावयाचें नाहीं. कृपा आणि क्षमा चुलीपाशीं, बिऱ्हाडांत, नवराबायकोच्या भांडणांत कशा दिसतात, हें ज्या एका मराठी बाईच्या चरित्रांत स्वच्छ पाहावयास मिळतें, त्या लक्ष्मीबाई टिळकांविषयीं लिहावयाचें आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. घरांत त्यांना मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या एका आप्तास फांशी झाली होती. त्या धक्क्यानें वडिलांच्या मनानें जी भीति घेतली, तिचें पुढें सोवळ्याच्या वेडांत रूपांतर झालें. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येत नसे, आणि या धुण्यापुसण्यांत घरांतील बायकामुलांचे जे हाल होत त्यांकडे पाहण्यास कोणास सवड नसे. शिवाशिवीची भीति माणसाला कोठवर नेते हें या मुलीनें पाळण्यापासून पाहिलें. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नाहीं. १८८० सालीं, बारा वर्षांच्या सुमारास, तिचें लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशीं झालें आणि मनूची लक्ष्मी झाली.

टिळक कोंकणांतील करजगांवचे, जन्म १८६१ चा. आई लहानपणीं गेली. मुलगा घर सोडून नाशिकास आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. बुद्धि तीक्ष्ण, वाणी रसाळ, मन उदार. परंतु संसारास लागणारी स्थिरता त्या स्वभावांत मुळींच नव्हती. आज या गांवीं नोकरी, उद्यां त्या गांवीं. मनांत आलें कीं घराबाहेर, आणि हातांत पैसा आला कीं तो मागेल त्याच्या हातांत. अशा माणसाचें कौतुक जग करतें आणि त्याची किंमत बायको देते. लक्ष्मीबाईंनीं ती दिली. परक्या घरीं दिवस काढणें, पोटचीं मुलें गमावणें, आणि नवरा कोठें आहे याचा पत्ता नसणें, हें त्यांच्या तरुणपणाचें वर्तमान होय. त्याच टिळकांनीं त्यांना अक्षरओळख करून दिली हेंही सांगितलें पाहिजे. जमेची बाजू गाळून लिहिलेलें खातें खोटें असतें.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपीय गृहस्थानें टिळकांस नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचें मन पालटलें. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें ते पुढें मानीत असत. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्यांच्याबरोबर नव्हती.

येथें आम्हांस स्पष्ट लिहिलें पाहिजे. आपल्या बुद्धीस पटलेला धर्म स्वीकारण्याचा टिळकांचा अधिकार आम्ही पूर्णपणें मानतों. परंतु त्या दिवशीं एका सत्तावीस वर्षांच्या स्त्रीच्या वांट्यास काय आलें, हेंही सुधारणेच्या कैवाऱ्यांनीं पाहिलें पाहिजे. नवरा जिवंत असून ती विधवेसारखी झाली. जातीच्या दृष्टीनें तो मेला होता. कायद्याच्या आणि तिच्या स्वतःच्या दृष्टीनें तो जिवंत होता. पदरांत चार वर्षांचा दत्तू, हातांत पैसा नाहीं, आणि लोकांच्या नजरेंत दया थोडी व कुतूहल फार. आप्तांस तिच्या जिवाची धास्ती वाटूं लागली. पंढरपुरास आप्तांच्या आश्रयानें तिनें दिवस काढले. चारपांच वर्षें नवराबायको निराळीं राहिलीं. मध्यंतरीं पत्रें येत जात, रागलोभ होत, भेटी ठरत आणि मोडत.

याउपर जें घडलें तेंच या चरित्राचें मर्म होय. लक्ष्मीबाई शेवटीं मुलाला घेऊन नगर जिल्ह्यांत टिळकांकडे परत गेल्या. परंतु ख्रिस्ती होऊन गेल्या नाहींत. सोवळें तेंच, देव तेच, चूल निराळी. धर्म बदललेल्या नवऱ्याच्या शेजारीं हिंदु बायको आपलें आचरण राखून राहूं लागली. म्हणजे क्षमा आधीं झाली, आणि धर्मांतर मागून. ज्या धर्मानें क्षमा शिकविली असें आपण म्हणतों, त्या धर्मांत पाऊल टाकण्यापूर्वींच या बाईनें ती करून ठेविली होती! टिळकांनींही त्यांच्या सोवळ्यावर हुकूम चालविला नाहीं. आपल्या मतीनें तिला जें पटेल त्याची वाट पाहिली. इतकीं वर्षें ज्या पुरुषानें बायकोस विचारल्यावांचून सर्व कांहीं केलें, तो येथें थांबावयास शिकला. आमच्या मतें टिळकांच्या आयुष्यांतील हाही एक बाप्तिस्माच होय, जरी त्याची नोंद कोणत्याही देवळाच्या दप्तरांत नाहीं.

पुढें लक्ष्मीबाईंच्या मनांत जातिभेदाचा विचार घोळूं लागला. कोणा पंडिताच्या वादानें नव्हे, तर स्वतःच विचार करून त्या अशा निर्णयास आल्या कीं, हा भेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे. एकदां असें ठरल्यावर त्यांनीं कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास मागेंपुढें पाहिलें नाहीं. ज्या मुलीच्या माहेरीं बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून आंत येत नव्हता, तिचें हें पाऊल केवढें मोठें होतें याची कल्पना वाचकांनींच करावी. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या क्षमेचें व्याज अनेकांना मिळालें. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळांत आणि नंतरच्या प्लेगांत अनाथ झालेल्या मुलांना या घरानें जवळ केलें. टिळकांच्या नगरच्या बिऱ्हाडीं त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाचा एक ब्राह्मण मुलगा पोटच्या मुलासारखा राहिला. महाराष्ट्र त्यास बालकवि म्हणून ओळखतो. त्याचा धर्म कोणीं विचारला नाहीं आणि बदललाही नाहीं. १९१८ च्या मे महिन्यांत भादली येथें रेल्वेच्या अपघातांत तो गेला, तेव्हां लक्ष्मीबाईंना पुत्रशोक झाला. ज्या समाजानें या कुटुंबास वाळींत टाकलें, त्याच समाजाच्या एका मुलास त्या कुटुंबानें अन्न आणि माया दिली. कृपा म्हणतात ती हीच.

टिळकांचा स्वभाव मात्र समूळ पालटला असें नव्हे. १९१७ सालीं त्यांनीं अमेरिकन मिशनची चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ति धरिली आणि सातारा येथें देवाचा दरबार ही संस्था स्थापिली. संसाराची घडी पुन्हां एकदां विसकटली. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले. म्हणजे लक्ष्मीबाईंस एकदां क्षमा करून मोकळें होतां आलें नाहीं. त्याच माणसाला त्याच दोषासाठीं आयुष्यभर ती पुनःपुन्हां करावी लागली. नित्याच्या संसारांतील क्षमा अशीच असते. ती समारंभानें एकदां होत नाहीं. रोजच्या केरवाऱ्याप्रमाणें ती रोज करावी लागते. टिळकांचें ख्रिस्तायन हें काव्य अपुरें राहिलें होतें, तेंही पुढें लक्ष्मीबाईंनींच पूर्णतेस नेलें. नवऱ्याचें राहिलेलें काम त्यांनीं अंगावर घेतलें. त्यांच्याकडे कोणाचें तें देणें नव्हतें.

यानंतर त्यांनीं स्मृतिचित्रें लिहिलीं. १९३४ पासून तीं भागशः प्रसिद्ध झालीं आणि मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्यांचें देहावसान झालें. या ग्रंथांत टिळकांचें एकही न्यून लपविलेलें नाहीं. उपास, अपमान, भांडणें, ताटातूट, सारें त्यांत आहे. परंतु वाचकास त्यांत कोठेंही फिर्याद ऐकूं येत नाहीं. पुष्कळदां तर हंसूंच येतें. रक्कम पैपर्यंत मांडलेली, आणि खालीं येणें बाकी नाहीं असा शेरा!

आतां आमचे कांहीं सुधारक मित्र विचारतील कीं, क्षमा करावयाची ती नेहमीं बायकांनींच कां? पुरुषानें वाटेल तें करावें आणि स्त्रीनें पोटांत घालावें, हाच का तुमचा उपदेश? हा आक्षेप खरा आहे आणि त्यास उत्तर दिलेंच पाहिजे. आमचें उत्तर लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांतच आहे. पोटांत घालणें आणि क्षमा करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जें कर्ज वहींत कधीं लिहिलेंच नाहीं तें माफ करतां येत नाहीं. तें केवळ बुडतें. मुकाट्यानें सोसणाऱ्या बाईचें येणें बुडवलें जातें आणि जग त्यास क्षमा असें गोड नांव देतें. लक्ष्मीबाईंनीं तसें होऊं दिलें नाहीं. त्या नवऱ्याशीं भांडल्या, रुसल्या, दूर राहिल्या, स्वतःच्या अटींवर परत आल्या, आणि झाला तो अन्याय नांवानिशीं लिहून ठेविला. मग त्यावरचा हक्क सोडला. शिवाय क्षमा ही धनकोनें द्यावयाची वस्तु आहे. ऋणकोनें ती हुकमानें मागावयाची नाहीं. ज्यानें मारलें तोच क्षमेचा उपदेश करूं लागला, तर त्याला दाराबाहेर उभें करण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे, आणि त्या वेळीं आम्ही तिच्या बाजूनें उभे राहूं.

या चरित्रांतील दुसरा धडा समाजासाठीं आहे. लक्ष्मीबाईंचे हाल टिळकांमुळें जितके झाले तितकेच वाळीच्या चालीमुळें झाले. महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला आणि २०१७ पासून तो अमलांत आला. बहिष्कार घालणें हा आतां गुन्हा आहे. तो कायदा आम्हांस मान्य आहे. परंतु लग्न जातीबाहेर केलें म्हणून, धर्म बदलला म्हणून, किंवा वांटणींत चार हात जमीन अधिक घेतली म्हणून भावाचें दार भावास बंद होतें, तें दार कोर्टाच्या हुकमानें उघडत नाहीं. कायदा हात धरूं शकतो. पाट मांडून ताट वाढणें हें घरच्यांचेंच काम.

तेव्हां आमच्या वाचकांस, विशेषतः व्यापारी बंधूंस, एवढीच विनंति आहे. येत्या लक्ष्मीपूजनास जुनी वही बांधण्यापूर्वीं एकवार चाळावी. ज्याला देण्याची ऐपत आहे आणि जो बुडवूं पाहतो त्याच्याकडून खुशाल वसूल करावें. अन्याय चालूं देणें ही क्षमा नव्हे. परंतु ज्याचें येणें कधींच यावयाचें नाहीं, असें एक तरी खातें काढावें, रक्कम डोळे उघडे ठेवून वाचावी, आणि तिच्यावर रेघ मारून त्या माणसाच्या घरीं फराळाचें ताट पाठवावें. मग तीच रेघ मनाच्या वहींत मारतां येते का तें पाहावें. तेथें हात जड होईल. त्या वेळीं आपलीं स्वतःचीं किती ऋणें आईबापांनीं, बायकोनें, शेजाऱ्यांनीं आणि देवानें न बोलतां सोडून दिलीं, त्यांचा हिशेब मांडावा. जलालपूरच्या एका न शिकलेल्या मुलीस जें साधलें, तें पेढीवर रोज आंकडे मोडणाऱ्या शहाण्या माणसांस साधूं नये, असें आम्हांस वाटत नाहीं.