केरूनाना आणि कुलाब्याची सुई

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या मंडळी! आमच्या शिराळ्याची नागपंचमी पंचांग बघून ठरते. पंचांगाचं गणित आकाशाशी जुळावं म्हणून झटलेले केरूनाना छत्रे मला भेटले ते मात्र सॅटेलाइटच्या सेमिनारमुळे.

जन्म १८२५, अलिबागजवळचं नागाव. १८४० साली, म्हणजे आपण दहावीत असतो त्या वयात, हा मुलगा प्रोफेसर आर्लिबार यांच्या हाताखाली कुलाबा वेधशाळेत लागला. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. सुई बघायची, आकडा लिहायचा, परत सुई बघायची. (आपल्याला प्रॅक्टिकलची दहा रीडिंग जड जातात!)

पुढे नाना पुण्यात प्रोफेसर झाले, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिलं, टिळकांना गणित शिकवलं, १८८४ ला गेले. पण मी अडकले कुलाब्यातच.

कारण नाना गेले तरी तिथल्या नोंदी थांबल्या नाहीत, म्हणून सप्टेंबर १८५९ चं सौर वादळ तिथे आकड्यात सापडलं. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण! अशा वादळात वरची हवा तापून फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना जास्त घासते. फेब्रुवारी २०२२ मधल्या किरकोळ वादळातसुद्धा स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गेले. मग १८५९ सारखं परत आलं तर? अंदाज बांधायला आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडेच जावं लागतं.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय नोंदींसाठी अलिबागला वेधशाळा उभारली. नानांचं नागाव तिथून जवळच.