रामशास्त्री प्रभुणे : क्षमा कोणी करायची?

गणेशोत्सव आला की मला शनिवारवाडा आणि रामशास्त्री प्रभुणे आठवतात.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. तरुणपणी एका सावकाराकडे चाकरी करताना अपमान झाला, म्हणून विद्येसाठी त्यांनी काशी गाठली, असे सांगतात. धर्मशास्त्र शिकून ते परतले, १७५१ मध्ये पेशव्यांच्या सेवेत रुजू झाले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. राहणी मात्र शेवटपर्यंत साधी.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. ऐन गणपतीत गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना वाड्यातच ठार केले. गादीवर चुलते राघोबादादा बसले. 'ध'चा 'मा' आपण सर्वांनी शाळेत ऐकला आहे. रामशास्त्र्यांनी चौकशी केली. दोष दादांवर आला तेव्हा या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, हे त्यांनी दादांना तोंडावर सांगितले, पद सोडले आणि वाईजवळ पांडववाडीला जाऊन राहिले.

त्यांनी सांगितले ते प्रायश्चित्त. सूड नव्हे. दंड भोगल्यावर पापी शुद्ध होतो, अशी आपल्या धर्मशास्त्राची धारणा होती.

मी डॉक्टर. जीव वाचवणे हाच धंदा, त्यामुळे देहदंड मनाला पटत नाही. आपल्या धर्मात क्षमेलाही मोठे स्थान आहे. मग शास्त्रीबुवांनी क्षमा का सुचवली नाही?

याचे उत्तर मला इथे, अमिरातीत मिळाले. इथल्या कायद्यात खुनाची माफी देण्याचा हक्क मृताच्या वारसांना आहे. ते 'दिया', म्हणजे रक्ताची भरपाई, घेऊन किंवा न घेताही माफ करू शकतात. कुराणातही अशा माफीची वाट दाखवली आहे. शारजात २०१० मध्ये फाशी सुनावलेले १७ भारतीय अशाच माफीमुळे २०१३ मध्ये घरी परतले.

आता पुण्याकडे पाहा. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. वारस, सवाई माधवराव, १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मला. ज्याने क्षमा करायची तो अजून पोटात, आणि गादीवर खुद्द आरोपी! आपणच आपल्याला माफ करणे ही क्षमा नव्हे. तेवढेच रामशास्त्र्यांनी होऊ दिले नाही.

दादांना ती शिक्षा कधीच झाली नाही. १७८३ मध्ये कोपरगावी ते वारले. रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आले आणि १७८९ मध्ये निवर्तले. क्षमा जरूर करावी, पण ज्याला जखम झाली त्याने. इतरांनी आधी खरे बोलावे.

गणपती बाप्पा मोरया!