अंत्यविधीवाल्याचं एक्स्चेंज

माणसाच्या मनात एकदा संशय शिरला की तो कुठवर जाईल, सांगता येत नाही. आल्मन ब्राउन स्ट्रॉजर या अमेरिकन गृहस्थाचा संशय थेट टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत पोहोचला आणि त्यातून निघालेल्या यंत्रावर पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जगभरचे फोन लागत राहिले.

स्ट्रॉजरचा जन्म १८३९ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या पेनफिल्डचा. यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला, काही काळ शाळामास्तर होता आणि शेवटी कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याच्या धंद्यात स्थिरावला. आपल्याकडे हे काम आळीतली जाणती माणसं न सांगता अंगावर घेत. तिकडे तो रीतसर व्यवसाय. आणि व्यवसाय म्हटला की स्पर्धा आलीच.

त्या काळी फोनवर आकडे फिरवायची सोय नव्हती. एक्स्चेंजमधल्या बाईला कोण हवं ते सांगायचं, की ती तारेची खुंटी योग्य भोकात खुपसून जोडून देई. आख्यायिका अशी, की घरात मयत झालेली माणसं स्ट्रॉजरला फोन मागत आणि तो लागे प्रतिस्पर्ध्याकडे. कारण ती बाई त्याची बायको होती. कुणी म्हणतं, बायको नव्हे, नात्यातली. पुरावा कशालाच नाही. मला त्या अनाम बाईविषयी सहानुभूतीच वाटते. आमच्या बँकेत बोर्डावर बसणाऱ्या बाईंना कोणता साहेब कुणाचा फोन टाळतो हे पाठ असे, आणि फोन लागला नाही की बोलणी मात्र त्यांनीच खायची!

दुसरा कुणी तक्रारअर्ज देऊन गप्प बसला असता. स्ट्रॉजरनं मध्यस्थच काढून टाकायचं ठरवलं. कॉलर ठेवायच्या गोल डबीत टाचण्या रोवून त्यानं पहिला नमुना केला, असं सांगतात. १८८९ मध्ये अर्ज गेला आणि १० मार्च १८९१ रोजी पेटंट मिळालं. पुढे या कल्पनेला आलेलं रूप समजायला सोपं आहे. एक धातूचा हात. तो दहा मजल्यांच्या इमारतीसारखा आधी वर चढतो, मग त्या मजल्यावरच्या दहा खोल्यांपैकी हव्या त्या खोलीपाशी सरकतो. दहा गुणिले दहा, शंभर ग्राहक. दार उघडून देणारं मध्ये कुणी नाही.

३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक जेमतेम पाऊणशे. सुरुवातीला ग्राहकाला बटणं मोजून दाबावी लागत. कीथ आणि एरिक्सन बंधू या कंपनीतल्या कारागिरांनी १८९६ च्या सुमारास तबकडी आणली. तबकडीवर सात फिरवा, की सुटून परत येताना ती तारेतला प्रवाह सात वेळा तोडते आणि एक्स्चेंजमधला हात तेवढीच पावलं टाकतो.

याच साली स्ट्रॉजरनं आपली पेटंटं सहकाऱ्यांना १,८०० डॉलर्सना विकली. १८९८ मध्ये कंपनीतला हिस्साही १०,००० डॉलर्सना देऊन टाकला. २६ मे १९०२ रोजी फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये तो वारला. १९१६ साली त्याच पेटंटांचे पंचवीस लाख डॉलर्स आले. जन्मभर खातेवह्या तपासलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब बोचतो. दुसऱ्याचा फोन कुणी पळवू नये म्हणून झटलेल्या माणसाचा फायदा असा अगदी कायदेशीरपणे भलतीकडे वळला. बोर्डावरच्या बाईंच्या जागाही पुढे एकेक करून गेल्या. त्यांनी कुणाचे फोन पळवले होते?

आपल्याकडे पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्यात आलं. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या आयटीआय कारखान्यानं स्ट्रॉजर पद्धतीची यंत्रं देशातच बनवली. अशा एक्स्चेंजात पाऊल टाकलं की हजारो हातांची खडखड पत्र्यावरच्या पावसासारखी कानावर येई. पुढे सी-डॉटची संगणकी एक्स्चेंजेस आली आणि ती खडखड थांबली.

आता तर कचेरीतलं एक्स्चेंज म्हणजे कपाटातला एक संगणक. पण जुनी दोन तारांची लाइन त्याला जोडायची तर मध्ये एक दुभाषा लागतो. एखादं कार्ड किंवा छोटी डबी. ती तारेतला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजते आणि दर वेळी एक आकडा लिहून संगणकाकडे धाडते. या डबीवरची भोकं दोन जातींची असतात. बाहेरून आलेल्या लाइनसाठी जे असतं, ते स्वतः फोन असल्यासारखं वागतं आणि घंटेची वाट पाहतं. घरातला फोन जोडायचं दुसरं. ते स्वतः एक्स्चेंज बनतं, तारेत वीज सोडतं, घंटा वाजवतं. दिसायला दोन्ही सारखी. अदलाबदल झाली की फोन मुका. नवखे तंत्रज्ञ इथेच तासन्‌तास अडकतात.

काही डब्यांना तबकडीची भाषाही कळते. माळ्यावरचा काळा, जड फोन पुसून तिला जोडावा आणि सात फिरवावा. तबकडी परत येता येता प्रवाह सात वेळा तुटतो, आणि संगणक ते सात निमूटपणे मोजून घेतो.